यूव्हीचा हिरवा दिवा लागलेला, तरी नळाला दूषित पाणी: हायलँड्समधल्या एका कॉटेजचं प्रकरण

(ठिकाण आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेला, डोंगराळ हायलँड्समध्ये एक खासगी इस्टेट आहे. हजारो एकर माळ, पीटची दलदल, एक लांबट तलाव, लाल हरणांचे कळप आणि पाच-सहा विखुरलेली दगडी घरं. पूर्वी मेंढपाळासाठी बांधलेलं एक घर दुरुस्त करून इस्टेटीने ते सुट्टीसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली. सहा माणसांची सोय, स्वतःचं स्वयंपाकघर, शनिवार ते शनिवार असा आठवड्याचा करार. जेवणखाण पाहुण्यांनी स्वतः करायचं.

सर्वात जवळची सरकारी जलवाहिनी सात किलोमीटरवर होती. घराला पाणी यायचं ते वरच्या ओढ्यावर घातलेल्या छोट्या बांधातून. तिथून पाइपने 2,000 लिटरच्या टाकीत, टाकीतून उताराने घरामागच्या शेडमध्ये. शेडमध्ये आधी 20 मायक्रॉनचा फिल्टर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मग 5 मायक्रॉनचा, शेवटी अतिनील म्हणजे यूव्ही दिव्याचं यंत्र. याच पाइपवर इस्टेटीच्या शिकारव्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचं घरही होतं. तिथे तिघं राहत.

स्कॉटलंडमध्ये अशा घरगुती वापराच्या खासगी पाण्यालाही कायदा लागतो. घर पाहुण्यांना भाड्याने दिलं की, माणसं कितीही थोडी असोत, तो पुरवठा 2017 च्या नियमांखाली येतो. स्थानिक कौन्सिल वर्षातून किमान एकदा नमुना घेते, स्रोतापासून नळापर्यंत धोक्यांची पाहणी होते, आणि पाणी खासगी स्रोतातलं आहे अशी सूचना घरात लावावी लागते. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पर्यंत आधीपासूनच्या घरमालकांनाही अल्पमुदतीच्या भाड्याच्या परवान्यासाठी अर्ज करणं बंधनकारक झालं. त्या परवान्याच्या अटींत खासगी पाण्याचे नियम पाळणं येतंच. थोडक्यात, पाणी बिघडलं तर परवानाही अडचणीत.

या घराचे आधीचे सगळे वार्षिक अहवाल स्वच्छ होते. ते सगळे नमुने मे-जूनमध्ये घेतलेले होते. या गोष्टीकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं, आणि पुढचं सगळं प्रकरण तिच्याभोवतीच फिरतं.

अडचण

त्या वर्षी कौन्सिलच्या अधिकाऱ्याची फेरी लांबली आणि नमुना सप्टेंबरच्या उत्तरार्धात घेतला गेला. कोरड्या ऑगस्टनंतर तीन दिवस जोराचा पाऊस झाला होता. मंगळवारी नमुना गेला, गुरुवारी दुपारी फोन आला: 100 मिलिलिटरमध्ये 14 ई. कोलाय. नियमाने ही संख्या शून्य असायला हवी. रंगाची मर्यादा 20 एकक, इथे 96.

ई. कोलायची उपस्थिती म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण. त्यातला ओ157 हा प्रकार लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी करू शकतो आणि तो गुरं, मेंढ्या, हरणं यांच्या पोटात असतो. स्कॉटलंडमध्ये त्याचं प्रमाण ब्रिटनच्या इतर भागांपेक्षा जास्त राहिलं आहे.

"आम्ही चाळीस वर्षं हेच पाणी पितोय," असं शेजारच्या घरातून सांगितलं गेलं. ते खरंही होतं, पण त्याने काही सिद्ध होत नव्हतं. रोज तेच पाणी पिणाऱ्यांच्या शरीराला त्यातल्या काही जंतूंची सवय होते. शहरातून आलेल्या पाहुण्याला ती नसते. त्यात आठवड्याच्या भाड्याचा एक लपलेला धोका आहे. ओ157 ची लक्षणं साधारण तीन-चार दिवसांनी दिसतात, क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या परजीवीची आठवड्याने. पाहुणा आजारी पडतो तो आपल्या गावी परतल्यावर, आणि तिथला डॉक्टर हायलँड्समधल्या नळाचा विचार करेलच असं नाही. त्यामुळे "आजवर तक्रार आली नाही" या वाक्यावर अशा घरात विसंबता येत नाही.

पहिला निर्णय: वाट पाहायची की आजच सांगायचं

इस्टेटीच्या व्यवस्थापकापुढे दोन वाटा होत्या. एक, दुसरा नमुना पाठवून खात्री होईपर्यंत थांबणं, कारण नमुना घेतानाही चूक होऊ शकते. दोन, त्याच दिवशी घरातल्या पाहुण्यांना सांगणं. त्याने दुसरी वाट घेतली. नमुना चुकलेला निघाला असता तर थोडी बदनामी झाली असती. खरा निघून कोणी मूल आजारी पडलं असतं तर ते भरून येणारं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत घरात बाटलीबंद पाणी पोचलं. हिशोब साधा होता: पिणं, स्वयंपाक आणि दात घासणं मिळून माणशी रोज तीन लिटर, सहा माणसं, सात दिवस, म्हणजे 126 लिटर. पाच लिटरच्या 26 बाटल्या. प्रत्येक नळावर सूचना चिकटवली: पाणी खळखळून उकळून, निववून मगच पिणं, स्वयंपाक, दात घासणं आणि भाज्या-फळं धुणं यासाठी वापरावं. अंघोळ चालेल, पण पाणी तोंडात जाऊ देऊ नये. फ्रीजमधला आधीचा बर्फ फेकून दिला. हे बर्फाचं हमखास विसरलं जातं.

ब्रिटनमधली अनेक मराठी कुटुंबं अशी घरं मुद्दाम निवडतात, कारण स्वतःचं स्वयंपाकघर मिळतं. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगण्यासारखी: अशी सूचना लागली की वरण-भाताची काळजी नसते, ते उकळतंच. काळजी असते कोशिंबिरीची काकडी, वरून घालायची कोथिंबीर आणि ताकात घातलेल्या पाण्याची.

पुढच्या पाच आठवड्यांची आरक्षणं होती, त्यातच शाळांची ऑक्टोबरची सुट्टी. प्रत्येक कुटुंबाला निघण्याआधी फोन करून परिस्थिती सांगितली आणि भाड्यात सवलत किंवा पूर्ण परतावा यांतलं निवडायला दिलं. एका कुटुंबाबरोबर चार महिन्यांचं बाळ होतं. त्यांना व्यवस्थापकाने येऊ नका असंच सुचवलं. बाकीचे आले.

शोध: पहिलं कारण सापडलं आणि तिथेच थांबण्याचा मोह

शेडमध्ये यूव्ही यंत्राचा हिरवा दिवा लागलेला होता. आतला अतिनील किरणांचा दिवा एप्रिलमध्येच बदललेला. हे दिवे साधारण 9,000 तास, म्हणजे वर्षभर, पुरेशी अतिनील किरणं देतात. नंतर निळसर उजेड दिसत राहतो, पण जंतू मारण्याची ताकद उतरलेली असते. इथे तो प्रश्न नव्हता.

मग बायपासचा व्हॉल्व्ह दिसला. फिल्टर आणि यूव्ही दोन्हींना वळसा घालणारी एक पाइप भिंतीलगत होती, दुरुस्तीच्या वेळी वापरायला. तिच्या व्हॉल्व्हचा दांडा पाइपला काटकोनात असेल तर बंद, पाइपच्या रेषेत असेल तर उघडा. तो तिरका होता. म्हणजे काही पाणी कुठलीही प्रक्रिया न होता थेट नळाला जात होतं.

हे कसं घडलं तेही कळलं. ऑगस्टमधल्या एका शनिवारी पाहुणे बदलायच्या वेळी शॉवरला जेमतेम धार येत होती. 5 मायक्रॉनच्या फिल्टरचं कार्ट्रिज, म्हणजे आतली बदलता येणारी नळी, गाळाने भरलं होतं आणि शेडमध्ये जादा कार्ट्रिज नव्हतं. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने पाहुण्यांची सोय व्हावी म्हणून बायपास थोडा उघडला. सोमवारी कार्ट्रिज बदललं, व्हॉल्व्ह तसाच राहिला. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नव्हता. कार्ट्रिज हाताशी असतं तर त्याने व्हॉल्व्हला हात लावला नसता.

व्हॉल्व्ह बंद केला, टाकी उपसून घासली आणि क्लोरीनने निर्जंतुक केली. प्रमाण लिटरला 50 मिलिग्रॅम, तासभर. 2,000 लिटरला 100 ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट दोन लिटर. क्लोरीनचं पाणी सगळ्या नळांपर्यंत ओढून घेतलं, पण ते सेप्टिक टँकमध्ये जाऊ दिलं नाही, कारण तिथले उपयोगी जंतू मरतात. ओढ्यातही सोडलं नाही, त्याने मासे मरतात. थायोसल्फेट घालून क्लोरीन मारलं आणि मगच ते माळावर पसरून सोडलं.

चार दिवसांनी, कोरड्या हवेत घेतलेला नमुना शून्य आला. इस्टेटीत सगळ्यांना वाटलं, सुटलो. सूचना काढायची तयारी झाली.

कौन्सिलच्या अधिकाऱ्याने मात्र अडवलं. त्याचं म्हणणं असं: टाकी नुकतीच क्लोरीनने धुतली आहे आणि पाऊस नाही, अशा वेळी शून्य येणारच. मोठ्या पावसानंतर पुन्हा नमुना घ्या, तो शुद्ध आला तर सूचना काढा. आठवड्याभरात पाऊस आला, नमुना गेला, आणि ई. कोलाय 3 निघाले. बायपास बंद, दिवा चालू, फिल्टर नवे, तरीही.

दुसरं कारण: पाण्याचा रंग

पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा थर. त्यातून ह्युमिक आम्लं पाण्यात उतरतात आणि पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं. उन्हाळ्यात पीट सुकतं, मग पहिल्या मोठ्या पावसात साठलेला सगळा रंग धुऊन येतो. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत रंग सर्वात गडद असतो. हा रंग विरघळलेला असतो, त्यामुळे 5 मायक्रॉनच्या फिल्टरमधून तो सरळ पार होतो.

यूव्ही जंतूंपर्यंत पोचलं तरच त्यांना मारतं. पाण्यातून एक सेंटिमीटर गेल्यावर किती टक्के किरणं उरतात याचं मोजमाप करता येतं, त्याला पारगम्यता म्हणू. यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेली क्षमता 95 टक्के पारगम्यतेची होती. तशा पाण्यात एक सेंटिमीटरवर 95, दोनवर 90 आणि तीनवर 86 टक्के किरणं पोचतात. या घरच्या पावसानंतरच्या पाण्याची पारगम्यता 58 टक्के निघाली. तिथे एकवर 58, दोनवर 34, तीनवर जेमतेम 20 टक्के. दिव्याजवळचं पाणी शुद्ध होत होतं, यंत्राच्या बाहेरच्या भिंतीलगत वाहणारं अंधारातच जात होतं. यंत्रात किरणांची तीव्रता मोजणारा सेन्सर नव्हता. हिरवा दिवा एवढंच सांगत होता की बल्बला वीज मिळतेय.

त्यात बांधाच्या वर काय चाललंय ते पाहायला माणूस ओढ्याकाठाने चढून गेला, तेव्हा चारशे मीटरवर हरणांची लोळण सापडली. सप्टेंबरच्या अखेरीस नर माजावर येतात आणि पीटच्या चिखलात मूत्रासकट लोळतात. तो चिखल पावसाने थेट ओढ्यात उतरत होता. म्हणजे वर्षातल्या ज्या आठवड्यांत पाण्यात घाण सर्वात जास्त, त्याच आठवड्यांत यूव्ही सर्वात दुबळं. आणि मे-जूनच्या नमुन्यात यातलं काहीच दिसण्याची शक्यता नव्हती.

खरं तर पुरावा घरातच होता. पाहुण्यांच्या वहीत दर सप्टेंबर-ऑक्टोबरला कोणी ना कोणी लिहून ठेवलेलं: पांढऱ्या बाथटबमध्ये पाणी व्हिस्कीच्या रंगाचं दिसतं, काय मजा! इस्टेटीतल्या लोकांनाही त्या नोंदींचा अभिमान वाटायचा.

पर्याय

स्वयंपाकघरातल्या नळाखाली छोटं शुद्धीकरण यंत्र बसवणं हा सर्वात स्वस्त उपाय. आपल्याकडे अनेक घरांत हेच असतं आणि घरच्या माणसांना कुठल्या नळाचं प्यायचं ते ठाऊक असतं. पाहुण्यांच्या घरात हे टिकत नाही. माणूस रात्री न्हाणीघरातल्या नळाचं पाणी पितो, मुलं शॉवरखाली तोंड उघडतात. घरात शिरणारं सगळंच पाणी शुद्ध हवं, म्हणून हा पर्याय बाद झाला.

ओढ्याचंच पाणी ठेवून आधी रंग काढणं हा दुसरा पर्याय. त्यासाठी आयन-विनिमयाचं रेझिन, म्हणजे रंग धरून ठेवणारे दाणे, लागतं आणि ते वारंवार मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. ते खारट, तपकिरी पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडता येत नाही. टाकायचं कुठे, याला उत्तर मिळालं नाही. नुसतं मोठं यूव्ही यंत्र घेण्याचा विचार झाला, पण 58 टक्क्यांच्या पाण्याची हमी कोणी देईना. क्लोरीनचा डोस देणंही गैर, कारण गडद पाण्यात क्लोरीन त्या आम्लांशी संयोग पावून नको ती रसायनं तयार करतो, आणि क्रिप्टोस्पोरिडियमवर तो जवळजवळ निकामी आहे.

बोअरवेलच्या खर्चाचा अंदाज शेवटी निवडलेल्या झऱ्याच्या कामाच्या दुपटीहून जास्त आला. खाली कठीण नाइस खडक, पाणी लागलं तर भेगांमध्येच. लागेल का आणि त्यात लोह-मँगनीज किती असेल, हे खोदल्याशिवाय कळणार नव्हतं. शिवाय खोदकामाचं यंत्र नेण्याइतका मजबूत पूल वाटेत नव्हता.

उरला तो झरा. घरापासून 35 मीटर उंचीवर, जुन्या मेंढवाड्याजवळ, खडकातून पाणी झिरपत होतं. ऑगस्टच्या कोरड्या दिवसांतला त्याचा प्रवाह शिकारव्यवस्था पाहणाऱ्याने सहज म्हणून मोजून ठेवला होता: दहा लिटरची बादली सहा मिनिटं चाळीस सेकंदांत. म्हणजे मिनिटाला दीड लिटर, दिवसाला 2,160 लिटर. दोन्ही घरांची मिळून नऊ माणसं, माणशी 200 लिटर धरले तरी 1,800. पुरत होतं, पण काठोकाठ. पावसानंतरसुद्धा झऱ्याच्या पाण्याचा रंग 11 आणि पारगम्यता 90 टक्के निघाली. दोष एकच, पीएच 5.8. इतकं आम्लधर्मी पाणी तांब्याचे पाइप खातं. बेसिनवर दिसणारे हिरवट-निळे डाग त्याचेच.

केलेली कामं

झऱ्याचं काम नोव्हेंबर ते मार्च, घर बंद ठेवून झालं. झऱ्याच्या तोंडावर काँक्रीटची कुंडी बांधली, तिची कड जमिनीपासून 15 सेंटिमीटर वर, झाकण कुलपाचं, हवेच्या भोकाला बारीक जाळी. वरच्या अंगाला चर खणला, म्हणजे माळावरून वाहणारं पाणी कुंडीला वळसा घालून जाईल. भोवती चार मीटर अंतर सोडून कुंपण. इथे मेंढ्यांचं नेहमीचं कुंपण पुरत नाही, लाल हरीण ते सहज उडी मारून ओलांडतं, म्हणून उंच जाळी घेतली.

कुंडीपासून टाकीपर्यंत 32 मिलिमीटरची निळी पॉलिइथिलीनची पाइप 75 सेंटिमीटर खोल पुरली. दोन ठिकाणी खडक लागला. तिथे खोली मिळाली नाही म्हणून पाइपला जाड आवरण घालून वर मातीचा बंधारा रचला. गोठणं थांबवायला एवढी खोली लागते. वर उघडी टाकली तर जानेवारीत फुटते, आणि निळ्या पाइपला ऊनही सोसत नाही.

शेडमध्ये आधी 20 आणि 5 मायक्रॉनचे फिल्टर, मग पीएच वाढवायला कॅल्साइटचा म्हणजे चुनखडीच्या दाण्यांचा सिलिंडर, मग दाण्यांची भुकटी अडवायला आणखी एक 5 मायक्रॉनचा फिल्टर, आणि शेवटी तीव्रतेचा सेन्सर असलेलं यूव्ही. तीव्रता घसरली की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा, व्हॉल्व्ह पाणीच बंद करतो. फिल्टरांच्या आधी आणि नंतर दाबमापक लावले, दोन्हींतला फरक वाढला की कार्ट्रिज बदलायचं. चार जादा कार्ट्रिज आणि एक जादा दिवा शेडमध्येच ठेवला. बायपास कापून टाकला.

या शेवटच्या गोष्टीवर वाद झाला. सोलेनॉइडला वीज लागते, आणि हिवाळ्यातल्या वादळांत इथे वीज जाते. वीज नाही तर पाणीही नाही. दुरुस्ती करणाऱ्याला म्हणूनच बायपास हवा होता. त्याचा मुद्दा खरा असल्यामुळे त्याचीही सोय केली: यूव्ही आणि व्हॉल्व्हसाठी काही तास चालणारा बॅटरीचा यूपीएस, आणि घरात कायम 40 लिटर बाटलीबंद पाणी. बायपास मात्र परत लावला नाही.

परिणाम

एप्रिलमध्ये घर उघडलं. कौन्सिलचा नमुना इस्टेटीच्या विनंतीवरून ऑक्टोबरात घेतला गेला, दोन दिवसांच्या पावसानंतर: ई. कोलाय शून्य, कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्यात मोडतो तो जंतूंचा मोठा गट) शून्य, रंग 10, पीएच 7.3. पाहुण्यांच्या वहीतल्या तपकिरी पाण्याच्या नोंदी थांबल्या.

सगळंच साधलं असं नाही. कॅल्साइट अंदाजापेक्षा लवकर विरघळलं. वर्षातून एकदा भर घालायची ठरली होती, ती तीनदा घालावी लागली. आणि बाहेर गरम पाण्याचा मोठा टब बसवण्याचा बेत सोडावा लागला. त्यात एका वेळी हजार-बाराशे लिटर लागतात, दर शनिवारी पाणी बदलायचं, आणि झऱ्याकडे कोरड्या दिवसांत रोजचे फक्त 360 लिटर शिल्लक. टब शोधणारी काही आरक्षणं त्यामुळे गेली.

वेगळं काय करता आलं असतं

वार्षिक नमुना पाणी सर्वात वाईट असताना घ्यायला हवा होता. कौन्सिलची फेरी उन्हाळ्यात आली तरी शरदातल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आपल्या खर्चाने एक नमुना पाठवता येतो. नमुना घेताना नळाचं तोंड निर्जंतुक करायचं, बाटली प्रयोगशाळेचीच वापरायची, थंड आणि अंधारात ठेवून चोवीस तासांत पोचवायची.

यूव्ही विकत घेण्याआधी त्या पाण्याची पारगम्यता मोजायला हवी होती, तीही शरदात. हे या प्रकरणातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात महत्त्वाचं राहून गेलेलं काम. बसवणाऱ्याने जूनच्या स्वच्छ पाण्यावर यंत्र निवडलं होतं.

बायपास ठेवायचाच असेल तर त्याला क्रमांक असलेलं सील लावता येतं. सील तुटलेलं दिसलं की उकळण्याची सूचना लावायची, असा नियम करता येतो. घराची देखरेख करणाऱ्या बाईंच्या शनिवारच्या यादीत "हिरवा दिवा पाहणे" एवढंच होतं. आता त्यात चार नोंदी आहेत: सेन्सरचा आकडा, दोन्ही दाबमापक, आणि पांढऱ्या टबमध्ये अर्धं पाणी भरून दिसणारा रंग. आकडा ठरावीक पातळीखाली गेला तर कोणाला विचारायचं नाही, पुढच्या पाहुण्यांसाठी बाटल्या लगेच मागवायच्या, हा अधिकार त्यांनाच दिला आहे.

कोरड्या वर्षाचा प्रश्न अजून खुला आहे. झरा एकाच ऑगस्टात मोजलेला आहे. टाकी अर्ध्याखाली गेली की व्यवस्थापकाच्या फोनवर संदेश जाईल असा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा खटका, बसवला आहे, आणि दुसरी 2,000 लिटरची टाकी ठेवायला जागा सपाट करून ठेवली आहे. ती घ्यायची का, हे आणखी दोन उन्हाळे बादलीने मोजून ठरवणार आहेत.